लक्ष्मीबाई नगरचा राखणदार

शांताराम म्हणजे पाप्याचं पितर. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा. म्हणून गणेशोत्सवाच्या नाटकात त्याला दृढप्रहाराचं काम मिळालं तेव्हा त्याची बायको प्रभावती पोट धरून हसली. यादवांच्या राज्याचा हा मूळपुरुष! चोरांनी पळवलेली गुरं म्हणे त्याने एकट्याने सोडवून आणली, म्हणून गावाने त्याला राखणदार नेमलं आणि पुढे तो राजा झाला.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात त्या साली चोऱ्यांनी कहर केला होता. मंडळाचे अण्णासाहेब हौशी आणि तितकेच हट्टी. राखण सोपवायचा प्रवेश खरा वाटावा म्हणून त्यांनी गणपतीच्या गुरुजींनाच रंगमंचावर आणलं. गुरुजींनी शांतारामच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि दृढप्रहाराचं यथासांग आवाहन केलं. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी शांताराम ऑफिसला गेला नाही. गॅलरीत उभा राहिला.

"अहो, चहा."

"गुरं परतली का सगळी?"

ती हसली. तो हसला नाही. दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं, पण त्याची पापणी लवत नव्हती.

मग गाई येऊ लागल्या. दिल्लीच्या रस्त्यांवर गाईंना काय तोटा? पण या सगळ्या त्यांच्याच गॅलरीखाली थांबायच्या, रवंथ न करता, माना वर करून. कॉलनीतल्या चोऱ्या थांबल्या. एक मोजा हरवला तरी "प्रभा, प्रभा" करून घर डोक्यावर घेणारा तिचा नवरा आता तिला "बाई" म्हणत होता.

ती अण्णासाहेबांकडे गेली.

"वहिनी, लोक किती खूश आहेत! चोऱ्या बिल्कुल बंद. राहू द्या ना थोडे दिवस."

"गणपतीचं विसर्जन केलंत. यांच्या अंगात ज्याला बोलावलंत, त्याचं कोणी करायचं?"

अण्णासाहेबांनी कप खाली ठेवला. "अच्छा," म्हणाले, आणि वर्गणीची वही पुढे ओढली.

मग तिनेच करायचं ठरवलं. विसर्जनाचा मंत्र तिला वडिलांकडून पाठ होता. तबकात अक्षता घेऊन ती भर दुपारी गॅलरीत गेली. शेवटचे शब्द, 'पुनरागमनाय च', तेवढे तिने मुद्दाम गाळले. पुन्हा ये म्हणायचंच कशाला? ही ब्याद कायमची टळू दे.

अक्षता टाकून तिने त्याचा खांदा जरासा हलवला, मूर्ती हलवतात तसा.

तो शहारला.

"प्रभा, अगं, मला का घालवतेस?"

आवाज शांतारामचा होता. तोच घाबरा, रडवेला आवाज.

"पुनरागमनाय च," ती ओरडली. "पुनरागमनाय च!"

गॅलरीतल्या माणसाने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग "पुरे, बाई," म्हणत हात पुढे करून तिच्याकडचं तबक काढून घेतलं.