तिसऱ्या दिवसाचं पुस्तक

जिन्हे वारल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी युचान शाओ नदीच्या काठाने निघाली, तेव्हा तिला काळजी होती ती गुडघ्यांची आणि टोपलीतल्या उकडलेल्या अळकुड्या गार होतील याची. सोळाव्या वर्षी दोघींनी देवीपुढे जन्माचं सख्य जोडलं होतं. नवरे मागाहून आले आणि आधी गेले.

जिन्हेची सून शुइये अंगणात तांदूळ पाखडत होती.

"सासूचं पुस्तक नीट जाळलंस ना गं?" युचानने विचारलं.

"पहिल्याच दिवशी, मावशी. थडग्यापाशी. किती वेळा विचाराल?"

"रोज भात करपवतेस, पण कागद कच्चा ठेवशील. म्हणून विचारते. बरं, माझं पुस्तक आण. नक्षी उतरवायला नेलं होतं तुझ्या सासूने."

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवरीला सख्या असं पुस्तक पाठवत. पुढची पानं त्यांनी लिहिलेली, मागची कोरी, तिने भरायची. सगळं बायकांच्या लिपीत. पुरुषांना त्यातलं अक्षर कळत नसे. बाई गेली की एकोणपन्नास दिवसांच्या आत तिचं पुस्तक जाळायचं, म्हणजे ते तिला पोचतं. पुढे तिकडचं दार बंद.

शुइये डोंगराकडची. तिला ही लिपी येत नव्हती.

तिने शिवणाच्या पेटीतून निळं पुस्तक आणलं. युचानने पहिलं पान उघडलं आणि ती खाली बसली. अक्षर तिचं स्वतःचं होतं. जिन्हेच्या लग्नात तिनेच लिहिलेलं.

"शुइये, तू माझं जाळलंस."

"एकाच कापडाची दोन्ही! मला काय कळणार?" शुइयेच्या हातातलं सूप तिरकं झालं. थोडे तांदूळ सांडले.

युचान मागची पानं उलटू लागली. जिन्हे लिहायला आळशी. तिथे ती नुसते भरतकामाचे दोरे ठेवायची. आता दोऱ्यांखाली बारीक, तिरकं अक्षर होतं. जिन्हेचंच. पानांना ओल्या मातीचा वास येत होता.

तुझं पुस्तक इकडे आलं. बायका विचारतात, ही युचान कुठाय? मी म्हणते, वाटेत आहे.

पुढच्या पानावर: त्यांनी तुझं स्टूल मांडलंय.

त्याच्या पुढच्या: पुस्तक आलं म्हणजे बाई आलीच, असं म्हणतात इथे. मी आजवर थोपवलं. आज शेवटचा दिवस.

युचानने शब्दावर बोट ठेवलं. बोट काळं झालं.

"काय लिहिलंय, मावशी?"

"तुझ्या सासूच्या गप्पा. शाई आण."

तिने पदर खोचावा तशी बाही वर सारली आणि खाली लिहिलं: हे तुझं घे. माझं परत कर. मला एवढ्यात सवड नाही.

"काय लिहिलंत?" शुइयेने विचारलं. युचानने वाचून दाखवलं.

"मेलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"चाळीस वर्षं असंच बोलतेय. आता नवे शिष्टाचार कुठून आणू?"

भर दुपारी दोघी थडग्यापाशी गेल्या. युचानने एकेक पान सोडवून जाळलं. शुइये घाईने पुढे आली, तर तिने हात झटकला. "मी. शब्द मी दिलाय."

ज्वाळा चांगली उंच होती. हाताला मात्र ऊब लागत नव्हती.

धूर वर गेला नाही. गवतातून सरपटत थडग्याकडे गेला आणि मातीत मुरला.

शुइये एक पाऊल मागे सरली. "चला ना, मावशी."

"थांब."

शेवटी निळं वेष्टन जळलं. युचानने काडीने राख सारली.

खाली निळं कापड होतं.

तिने ते उचललं. कोरडं. गार. पहिल्या पानावर जिन्हेने युचानच्या लग्नात लिहिलेल्या ओळी. पान न पान जागेवर.

"मिळालं ना?" शुइयेने लांबूनच विचारलं. "सगळं आहे ना?"

युचान शेवटापर्यंत आली.

शेवटचं पान नव्हतं. ते फाडलेलं नव्हतं. टाके हलक्या हाताने उसवून तेवढं पान तिकडे ठेवून घेतलं होतं, आणि पुस्तक पुन्हा शिवलं होतं. बारीक, किंचित डावीकडे झुकणारे टाके.

जिन्हेचे. दोरा अजून ओला होता.