मारोतरावांना आलेला कॉल

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आहे. न तपासता काही मानायची मला सवय नाही. पुढे लिहिलं आहे ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या हाताला ते लागलं. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मलाही ते पटत नाही.

डिसेंबर १९८८. भिलाई-३ ची रेल्वे कॉलनी.

माझे भाऊजी मारोतराव मालगाडीचे ड्रायव्हर. शीलाताई माझी मोठी बहीण. निकाल लागल्यावर नोकरी शोधत मी त्यांच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो.

मालगाडीला ठरलेली वेळ नसते. म्हणून ड्रायव्हर-गार्डला उठवायला रेल्वेचा एक माणूस रात्री घरोघरी फिरतो. त्याला कॉलबॉय म्हणतात. आमच्या क्वार्टरांच्या रांगेचा कॉलबॉय नत्थू चांगला पन्नाशीचा होता. खडखडत्या सायकलवर यायचा. काठीनं दारावर ठोके द्यायचा आणि ओरडायचा, "मारोतराव, कॉल हाय!" मग गाडी आणि वेळ सांगायचा. आतून "हो, येतो" ऐकल्याशिवाय जायचा नाही.

वीस वर्षांच्या नोकरीत भाऊजी झोपेतच "हो, येतो" म्हणायला शिकले होते. जाग नंतर यायची.

शेजारचे गार्ड पंजाबराव असेच एका रात्री हाकेला ओ देऊन निघाले. सकाळी यार्डात दोन रुळांच्या मध्ये बसलेले सापडले. मांडीवर डबा. अंगावर ओरखडा नाही.

श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. पण त्या रात्री पंजाबरावांच्या नावावर गाडीच नव्हती. नत्थू त्यांच्या बायकोसमोर रडत होता. "ठकूबाई, पोराची शपथ, म्या कॉल देलाच नाई."

ठकूबाईंनी मात्र ठोके ऐकले होते. हाक ऐकली होती.

सायकल तेवढी ऐकली नव्हती.

पंजाबरावांच्या तेरवीच्या रात्री आमची झोप मोडली. यार्डात रात्रभर मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळतात, इंजिनं शिट्ट्या देतात. त्यानं कॉलनीत कोणी कूसही बदलत नाही. हा आवाज वेगळा होता.

ठक... ठक... ठक...

"मारोतराव..."

फक्त नाव. पुढे "कॉल हाय" नाही.

भाऊजींचे ओठ हलले. ताईनं झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. मी दार उघडलं. बाहेर धुकं, यार्डाच्या दिव्यांचा मळका उजेड...

कोणीच नव्हतं.

सकाळी भाऊजी पोट धरून हसले. "बायको तोंड दाबून राहिली, साळा भूत शोधून राहिला. मंग गाडी कोण चालवन?"

"हसू नका," ताई म्हणाली. "पंजाबरावभाऊ बी हसतच होते. रजा घ्या न नागपूरले चला."

"एक गार्ड गेला, आता मले रजा कोण देते? न कॉलले उठलो नाई त चार्जशीट भेटते. कारण काय लिहू, भुताच्या भीतीनं झोपून होतो?"

शेवटी ताईनं नत्थूलाच गाठलं. "नत्थूभाऊ, खरा कॉल असन त माह्या नावानं हाक मारा. यांच्या नावानं नाई."

नत्थूनं कानाला हात लावला. "बाईच्या नावानं डायवरले उठवू? कॉलनी माह्ये दात पाडन!"

पण तिचा चेहरा पाहून त्यानं मानलं.

त्यानंतर भाऊजी गाडी घेऊन लाइनवर असले की दार शांत असायचं. ते घरी झोपले की...

ठक... ठक... ठक...

ताईनं झोपणं सोडलं. रात्रभर भाऊजींच्या उशाशी, त्यांच्या तोंडावर तळहात ठेवून. एकदा तिनं त्यांच्या तोंडावर पदराचं फडकं बांधलं. त्यांनी झोपेत ते फाडलं. दिवसा पोळ्या लाटताना तिचे डोळे मिटायचे.

"थोडं झोप, ताई. मी बसतो."

"मी झोपली न हे गेले, त मी कोणाले विचारू, अरुण?"

मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

महिनाअखेरची ती रात्र. ताईला ताप होता. तरी ती बसलेली. मी ठरवलं, आज या आवाजाचा उगम शोधायचाच. ज्यातून आवाज निघतो ते कंप पावतं. हा नियम आहे. मी दिवा चालू ठेवला आणि दारावर तळहात सपाट टेकवून उभा राहिलो.

ठक...

आवाज स्पष्ट आला. लाकूड थरथरलं नाही.

मी हात भिंतीवर नेला.

ठक...

भिंतही गार आणि निश्चल.

"अरुण..." ताईनं हाक दिली. "इकडं ये... यांच्या छातीत..."

तिनं माझा हात ओढून भाऊजींच्या छातीवर ठेवला.

ठक...

माझ्या तळहाताला काठीचा ठोका बसला. आतून.

ते हृदय नव्हतं. हृदय मला वेगळं लागत होतं, घाबरल्यासारखं धडधडत होतं. हे त्याच्या पलीकडून येत होतं.

"मारोतराव..."

हाक आता खोलीत होती.

भाऊजींचा जबडा उघडला. आम्ही चार हातांनी तोंड दाबलं. "नका बोलू ना हो... पाया पडते तुमच्या... नका बोलू!" ताई ओक्साबोक्शी रडत होती. भाऊजींचे डोळे मिटलेले. दात माझ्या बोटात रुतले. माझ्या तळहाताखाली त्यांच्या घशातून "हो..." वर येत होतं. ते सुटलं असतं. आमची ताकद संपली होती.

"मारोतराव..."

मला दुसरं काही सुचलं नाही.

मी ओरडलो, "हो! येतो!"

...

सगळं थांबलं.

भाऊजींची छाती शांत झाली. आता फक्त हृदय लागत होतं. ते हळूहळू ताळ्यावर आलं. बाहेर कोणीतरी दारापासून वळलं. चपला घासत यार्डाच्या दिशेनं गेलं. हा आवाज मात्र खरोखर बाहेरून येत होता.

ताई भाऊजींच्या छातीवर डोकं ठेवून तिथंच झोपली.

त्यानंतर भाऊजींसाठी ठोके आले नाहीत. भाऊजी आजही गाडी चालवतात.

त्या रात्रीनंतर सकाळी ताईनं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग ड्युटीवरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोणत्या गाडीचा होता कॉल? किती वाजताचा?"

"त्यानं सांगितलं नाही, भाऊजी."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मंग तू कावून हो म्हणलं, बाबू?" त्यांचा आवाज फाटला होता. "हो म्हणलेल्या माणसाले जा लागते."

मी आता नागपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर मुलांना सांगतो, शंका आली की आधी मोजा, मग बोला.

रात्री दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून उताणा झोपतो.

छातीवर हात ठेवून पाहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.