खालच्या ओठावरचा वळ

माउथपीस मागायला फोन केला तेव्हा काकूंनी, थोरल्यांच्या बायकोनं, "या की" एवढंच म्हटलं. थोरले म्हणजे ऑर्केस्ट्रातले जुने फ्रेंच हॉर्नवादक. गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या खुर्चीवर आता नवा, तरुण हॉर्नवादक बसे; सगळे त्याला धाकटा म्हणत. आणि खुर्ची डगमगू लागली होती.

हे फुंकायचं पितळी वाद्य माणसाची फजिती करायलाच घडवलेलं असावं. बोटं तीच, पण ओठ जरा सैलावले की सूर निराळा. वरचे सूर तर बसमधल्या उभ्या माणसांसारखे एकमेकांना खेटून. म्हणून सूर आधी मनात ऐकायचा, मग ओठांनी धरायचा. धाकट्याचे ओठ हल्ली शेजारचाच धरत. व्हायोलिनवाला चुकला तर घोळक्यात खपून जातो. हॉर्न फाटला की पेंगणारा श्रोताही मान वर करतो. कंडक्टरनं सांगून टाकलं होतं, "शनिवारची तालीम बघतो. नाहीतर आपला रामराम."

काकूंनी रुमालातून थोरल्यांचं माउथपीस, हॉर्नला बसवून ओठांशी धरायची ती छोटी वाटी, काढून दिलं. "पण भाऊ, ओठ आपल्या पद्धतीनं लावा. यांची उलटी होती."

बहुतेक जण वरचा ओठ जास्त आत घेतात, खालचा कमी. थोरले खालचा जास्त घेत. धाकट्यानं मान डोलावली. पण शनिवारी घाबरलेल्या ओठांना कडेवरची झिजलेली जागा सापडली, आणि ते तिथंच बसले.

एकही सूर फाटला नाही. फक्त, एकही त्याच्या मनात आधी ऐकू आला नाही. त्याच्याआधी कुणीतरी ऐकत होतं, आणि ओठ त्याचं मानत होते. मध्येच श्वास घ्यायचा होता, तो घेऊ दिला गेला नाही...

"खुर्ची तुमचीच," कंडक्टर म्हणाला.

घरी त्यानं स्वतःचं माउथपीस लावलं. नुसती फुसफुस. खालच्या ओठावर गोल वळ उठला होता. एरवी तासाभरात जातो, तो जाईना.

"अहो, निदान शिट्टी तरी वाजवा," बायको हसली. दोन दिवसांनी हसेनाशी झाली. "तुम्ही जेवताना कुणाशी पुटपुटता?"

त्यानं ठरवलं, खुर्ची गेली खड्ड्यात. भर दुपारी तो काकूंच्या जिन्यात उभा राहिला. 'हे परत घ्या' एवढंच बोलायचं होतं. दार उघडलं, त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एक लाडाचं, बालिश नाव.

काकूंनी चौकट धरली. "या नावानं... हेच हाक मारायचे. एकांतात."

'मी नाही बोललो,' असं सांगायला त्यानं सगळा जोर लावला.

"वारा येतोय," ओठ हळूच म्हणाले. "दार लाव."

काकूंनी त्याला आत घेऊन दार लावलं.

खिशातला फोन वाजला. बायको. त्यानं कानाला लावला.

"अहो, कुठं आहात? बोला ना..."

त्याच्या ओठांनी फक्त एक लांब, खोल श्वास आत घेतला. पहिल्या सुराआधी घेतात तसा.