मधली पदं

गणिताच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चुकीची खूण दिसली की माझे हात शिवशिवतात. हे बाबांकडून आलं. ते गणिताचे मास्तर. आम्हा पाच भावंडांना त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. पहिला, दुसरा, मी तिसरा, मग चौथी, पाचवी. निवृत्तीनंतरही जेवणघरात फळा होताच. शेजारी आमचा फोटो: जिन्यावर ओळीनं पाच जण, चौथीचा हात माझ्या खांद्यावर.

सोमवारी चहा झाल्यावर बाबांनी चार कंस मांडले. एक वजा एक द्वितीयांश, अधिक एक द्वितीयांश वजा एक तृतीयांश, असं करत एक पंचमांशापर्यंत.

"मधलं सगळं आपापसात कटतं," ते म्हणाले. "पहिला आणि शेवटचा, एवढेच उरतात."

एक द्वितीयांशाची जोडी खोडून त्यांनी खडू ठेवला. बाकीचं उद्या. घाई त्यांना कधीच नव्हती.

संध्याकाळी दुसऱ्याला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. फोटोत पहिल्याच्या आणि माझ्यामध्ये एक पायरी रिकामी होती. पहिल्याला विचारलं तर तो हसला. "दुसरा? अरे, माझ्या पाठीवर तूच ना?"

मी आधी फोटोची काच पुसली, मग चष्मा.

मंगळवारी बाबांनी एक चतुर्थांश खोडला. चौथी दर बुधवारी दुपारी बाबांची नखं कापायला यायची. त्या बुधवारी बेल वाजली नाही. फोटोत माझ्या खांद्यावरचा हात गेला होता. घरात माझ्याशी भांडणारी ती एकटीच. तिच्याशिवाय हे घर मला नको होतं.

फळ्यावर फक्त माझी जोडी उरली होती. बाबा खडू शोधत होते.

मी फळा पुसला. मधलं एक पद सोडून वजाबाकी घेतली की पहिले दोन आणि शेवटचे दोन उरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. घाईघाईत तीन कंस मांडले. एक वजा एक तृतीयांश. एक द्वितीयांश वजा एक चतुर्थांश. एक तृतीयांश वजा एक पंचमांश.

बेल वाजली.

"काय रे तिसऱ्या, एवढा घाम कसला?" दारात चौथी. माझा जीव भांड्यात पडला. ती हात धुवायला आत गेली.

मग मी फळा वाचला. लोकांच्या चुका काढणारा मी! एक तृतीयांश दोनदा होता. एकदा उणा, एकदा अधिक.

दोन पदं सोडून मनात मांडून पाहिलं. त्यात तिसरा येतच नव्हता.

"शाब्बास," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती जोडी खोडली.

चौथी येऊन बाबांजवळ बसली.

"अगं," मी म्हणालो.

ती बाबांचं बोट धरून नखं कापत राहिली. "बाबा, आम्ही चौघांनी ठरवलंय. तुम्हाला असं एकटं ठेवायचं नाही."

"हं," बाबा म्हणाले.

मी फोटोकडे पाहिलं. चौथीचा हात परत आला होता. रिकाम्या पायरीवर, खांद्याच्या उंचीला, अलगद टेकलेला.