काचेतला रेडिओ

व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायला लागून मला चौतीस वर्षं झाली. अख्ख्या सोलो शहरात हे काम करणारे आता दोघेच उरलेत आणि त्यातला दुसरा ठार बहिरा आहे. त्यामुळे जुने रेडिओ जमवणारी सगळी मंडळी माझ्याच बोकांडी बसतात. यांच्यात दोन तऱ्हा. काही जण रेडिओ ऐकतात. बिघडला की आणतात, मी दुरुस्त करतो, विषय संपतो. बाकीचे तो काचेच्या कपाटात ठेवतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. या दुसऱ्यांनी माझं डोकं पिकवलंय.

पाक हेन्दार्तो त्यांचे मेरुमणी; पाक हे आमच्याकडचं मानाचं संबोधन. लावेयान पेठेत, बाटिकवाल्यांच्या उंच पांढऱ्या भिंतींच्या गल्लीत त्यांचं घर. गल्लीला कायम वितळलेल्या मेणाचा वास. पुढच्या खोलीत त्रेचाळीस रेडिओ, एकही चालू नाही. मधोमध वेगळ्या मेजावर त्यांच्या वडिलांचा रेडिओ: सागवानी पेटी, चालू करायचे, स्टेशन लावायचे दुधी रंगाचे कान, स्पीकरवर सोनेरी कापड. वडील जाऊन एकतीस वर्षं झाली, तेव्हापासून तो बंद. आतला एकूण एक कंडेन्सर कारखान्यातून आला तसा. असा दुसरा नग अख्ख्या जावा बेटावर नाही, हे ते पाणी विचारायच्या आधी पाहुण्याला सांगत. कुणी चुकूनसुद्धा लावू नये म्हणून त्यांनी त्याची वायरच कापून टाकली होती.

"अहो, कधीच लावायचा नाही तर तो रेडिओ कसला? लाकडाचा खोका," मी किती वेळा सांगितलं असेल.

"लावला की झिजला, पाक मुजी. तुमचं बरंय, तुमचं पोटच झिजण्यावर चालतं."

आता अशा माणसापुढे किती कपाळ फोडायचं?

खरी अडचण त्यांच्या आईची होती. इबू सुमार्ती चौऱ्याऐंशीच्या. हृदय थकलेलं, डॉक्टरांनी फार तर वर्षभर सांगितलं होतं. त्यांचं एकच मागणं होतं, तो रेडिओ एकदा ऐकायचा. नवरा होता तेव्हा दर गुरुवारी दुपारी चार ते पाच त्यावर केतोप्राकचं नाटक लागायचं आणि दोघं शेजारी बसून ऐकायची. आठवड्यात तेवढाच तास. नवराही जपणाराच, एरवी हात लावू देत नसे. मुलगा त्याच्याही पुढचा निघाला.

"मी मेल्यावर कुणाला ऐकवणारेस?" त्या विचारायच्या.

"इबू, मोबाइलवर ऐक की. शंभर नाटकं मिळतील."

"त्यात तुझा बाप शेजारी नसतो."

मग सुरो महिना लागला. या महिन्यात जुन्या घरांतून वाडवडिलांचे खंजीर बाहेर काढतात, लिंबाने घासतात, फुलांच्या पाण्याने धुतात, पुढे कॉफी ठेवतात. हेन्दार्तोंच्या घरात खंजीर उरला नव्हता. इबूंनी रेडिओ धुतला.

"पाक मुजी, असाल तसे या," फोनवर हेन्दार्तोंचा आवाज रडवेला होता. "आईने वाट लावली."

मी गेलो. पॉलिशवर लिंबाचे पांढरे ओघळ, सोनेरी कापडाला मोगऱ्याची पाकळी चिकटलेली, पुढे काळी कॉफी आणि लवंगेची सिगारेट. हेन्दार्तो हात चोळत उभे.

"खंजीर कुठला, रेडिओ कुठला, एवढंही कळत नाही हिला?"

"कळतं की," इबू कोपऱ्यातून म्हणाल्या. "खंजीर बोलत नाही."

आत पाणी गेलंय का पाहायला मी मागची फळी काढली. आत कोरडं ठाक होतं. व्हॉल्व्हवर धूळ, धुळीवर जाळं. फळी परत बसवताना हाताची मागची बाजू पेटीला लागली. पेटी कोमट होती. अर्धा-पाऊण तास चालू असलेला रेडिओ लागतो तितकी. खिडकी पलीकडच्या भिंतीला होती आणि ऊन तिथवर येत नाही. कापलेली वायर जिथल्या तिथे लोंबत होती. तापलेल्या धुळीचा वासही येत होता, तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. कॉफीच्या वाफेने झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि फळीचे स्क्रू आवळले. गुरुवार होता, साडेचार वाजले होते.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन. मी चरफडतच गेलो. इबू रेडिओसमोर खुर्चीत बसल्या होत्या, एक तळवा पेटीवर ठेवून, डोळे मिटून.

"इबू, बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"श्श. विदूषक आलाय," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

हेन्दार्तोंना आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी पेटीला हात लावला. गरम होती आणि तळव्याखाली बारीक थरथर जाणवत होती. मी मीटर काढला, सापडेल तिथे लावून पाहिला. काटा हलला नाही.

"बंद आहे," मी म्हणालो.

"मग गरम कसा?"

"मला काय विचारता? मी वायर असलेले रेडिओ दुरुस्त करतो."

हेन्दार्तो वाकून तबकडी बघत होते. "हे पाहा. आकडे पुसट झालेत. परवापर्यंत ठळक होते. झिजतोय तो, पाक मुजी."

मला राग आवरेना. "तुमची आई हसतेय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"असा नग परत मिळायचा नाही."

"आणि आई मिळणारेय?"

बुधवारी त्यांनी रेडिओ घोंगडीत गुंडाळून दूर सेमारांग शहरात आपल्या मुलाकडे पाठवून दिला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्या गुरुवारी चार वाजता इबू रिकाम्या मेजासमोर बसल्या, असं त्यांच्या मोलकरणीने मला सांगितलं. मेजावर हात ठेवला, सव्वाचारपर्यंत वाट पाहिली. "आज कुणी लावला नाही वाटतं," म्हणाल्या आणि उठल्या. पुढच्या गुरुवारी बसल्या त्या उठल्याच नाहीत.

सातव्या दिवसाची प्रार्थना आणि जेवणं आटोपली आणि हेन्दार्तो सेमारांगहून परत आणलेला रेडिओ स्वतः उचलून माझ्या दुकानात आले.

"काय हवं ते बदला. फक्त चालू करा."

हेच महिन्यापूर्वी सुचलं असतं तर? मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवे कंडेन्सर टाकले, नवी वायर जोडली. दुकानात झकास वाजला. बातम्या, गाणी, सगळं खणखणीत.

गुरुवारी दुपारी चारला त्यांच्या घरी आम्ही दोघंच होतो. त्यांनी कान पिरगळला. दिवा लागला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, एक स्टेशन लागेना. नुसती घरघर.

मग खुर्ची करकरली. रेडिओच्या आत.

"काय दुरुस्त केलंत हे?" हेन्दार्तो माझ्यावर खेकसले. "सगळे कंडेन्सर बदलून हेच ऐकवणार होतात?"

स्पीकरमधून कुणीतरी खुदकन हसलं.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. "इबू?"

"श्श," आतून इबूंचा आवाज आला. "ऐका ना. आपला हेन्दार्तो बोलतोय."

ते गुडघ्यांवर बसले. पेटीला दोन्ही हात लावून बोलत सुटले. चुकलो म्हणाले, लाकूड जपत बसलो आणि तुला विसरलो म्हणाले, लहानपणचं काय काय बोलले. आत मध्येच कुणी सुस्कारा सोडी. कुणी कॉफीचा घोट घेई. मी दाराशी उभा होतो.

पाच वाजले.

"पुरे आता," आतून एका पुरुषाचा आवाज आला, थकलेला, कोरडा. "बंद कर. सारखा लावला की झिजतो."

आत खटका वाजला.

आमच्या रेडिओचा दिवा चालूच होता. हेन्दार्तोंचे ओठही हलत होते. आवाज येत नव्हता.

सोलोत डॉक्टरांना दाखवलं, योग्याकार्तात दाखवलं. घशात काही दोष नाही म्हणतात. मी दर गुरुवारी जातो. वैताग येतो, पण जातो. चार वाजले की त्यांना आवाज फुटतो आणि ते आठवडाभराचं साचलेलं भरभर बोलून घेतात. पाचला थांबतात, वाक्य अर्धं असलं तरी.