फकिराचा फुगा

गोटीराम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर गोष्ट संपली की तुम्ही मोकळे त्याला शिव्या द्यायला. आमच्या दवाखान्यात तो वॉर्डबॉय होता आणि मी एक्सरेच्या खोलीत. कामाला वाघ, पण तोंडाने फाटका. मेलेल्याशीही थट्टा करायचा. आम्ही हसायचो, खोटं कशाला बोलू. आणि ए, तो मोबाईल ठेव खाली. एकदाच सांगणार आहे मी हे.

सन अठ्ठ्याहत्तर. ऑगस्टची एकोणीस तारीख, शनिवार. राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस. रात्री सव्वानऊला गोटीराम मागच्या गोडाऊनातून ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेला. तेवढं झालं की जाऊन झोपायचं, असा त्याचा हिशोब. दुसरा वॉर्डबॉय सणाला गावी गेलेला, म्हणून हा आदल्या सकाळपासून पायांवर उभा. सिलिंडर ढकलत वॉर्डात आला तर सिस्टर म्हणाली, "गोटीराम, सात नंबरला बस जरा. त्या बाईचे हात गेले."

सात नंबरच्या खाटेवर फकिरा होता. निफाडकडचा, द्राक्षाच्या बागेत कामाला, वय बावीस-तेवीस. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या. मग डोळ्यांच्या पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. मग बोलणं नाकातून. मग थुंकीसुद्धा गिळता येईना. अंगावर ना जखम, ना सूज, ना ताप. गावात म्हणाले बाहेरचं आहे. दवाखान्यात म्हणाले काहीतरी खाल्लं असेल. दुपारी त्याचा श्वासच थांबायला आला, तेव्हा घशात नळी घातली आणि नळीला काळा रबरी फुगा जोडला. अंबू म्हणायचो आम्ही त्याला. श्वास देणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुठलं? फुगा पिळायचा, छाती वर येते. सोडायचा, खाली जाते. हे काम नातेवाइकांनी करायचं, पाळीपाळीने. दवाखान्याची रीतच होती ती.

फकिराचं म्हणून एकच माणूस होतं, बहीण कुसाबाई. कालच राखी बांधायला आलेली. दुपारपासून एकटी पिळत होती, बोटं सुजून गाजरं झाली होती.

रात्रीच्या डॉक्टराने फकिराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, हलेनात. छातीच्या हाडावर मूठ घासली, टाचणी टोचली. काही नाही. नवा होता पोरगा, त्याच्याही दोन रात्री जागून झालेल्या. म्हणाला, "मेंदू गेलाय ह्याचा. मोठे सर येईस्तोवर चालू ठेवा." आणि गेला.

गोटीरामाने फुगा हातात घेतला. कुसाबाई म्हणाली, "दादा, सोडू नका वो. मला ह्याच्याबिगर कोणी नाय."

"नाही सोडत. जा, पड तू जरा."

ती व्हरांड्यात जाऊन आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली.

दहा वाजले, अकरा, बारा. फुस्स... फुस्स... मिनिटाला पंधरा वेळा. तुम्ही पिळून बघा कधी अर्धा तास, मग कळेल. एक वाजता गोटीरामाची मनगटं पेटली. दीड वाजता त्याची खात्रीच झाली की आपण मढ्याला वारा घालतोय. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात. इकडे कोणी जागं नाही. मग त्याने सवयीने तोंड सोडलं.

"काय रे फकिरा, मेलास तू आणि घाम मला? थांबू का? नको असेल तर बोल."

आणि थांबला. गंमत म्हणून.

फकिराची छाती खाली गेली, ती तिथेच राहिली.

"नाही बोललास म्हणजे हो, बरं का."

तेवढ्यात फकिराच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. एकच थेंब. कानाकडे उतरला.

गोटीरामाने तो बघितला. चादरीचं टोक घेऊन पुसलासुद्धा. आणि मग... फुगा उशीशी ठेवला आणि बिडी ओढायला मागच्या दाराने बाहेर गेला.

दोन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरला जाऊन म्हणाला, "सात नंबर गेला." कुसाबाईचं ओरडणं मी एक्सरेच्या खोलीत ऐकलं. तसलं ओरडणं पुन्हा नको ऐकायला.

सोमवारी मोठे सर आले. कागद वाचले आणि खुर्चीत बसूनच राहिले. म्हणाले, "मण्यार चावली होती त्याला. मण्यारीचे दात कधी कधी दिसतसुद्धा नाहीत. असं क्वचितच बघायला मिळतं. माणूस मेल्यासारखा पडतो, बाहुल्यासुद्धा हलत नाहीत. पण आत जागा असतो. सगळं ऐकतो, सगळं कळतं त्याला. दोन-तीन दिवस हवा दिली असती, तर चालत घरी गेला असता." समोर गोटीराम चहाचा ट्रे धरून उभा होता. ट्रे तसाच घेऊन तो मागे फिरला.

कोणाला बोलला नाही तो. कशाला बोलेल? आठवड्याने पुन्हा थट्टा सुरू झाली. आम्ही पुन्हा हसलो.

आता पुढचं नीट ऐका.

पुढच्या साली जूनमध्ये, एकोणतीस तारखेला, पहाटे चारला गोटीरामाच्या बायकोच्या पोटात कळ आली. चंद्रभागा तिचं नाव. मखमलाबादला मळ्याच्या कडेला खोली होती त्यांची, उकाड्याची ती खाली फरशीवर झोपली होती. गोटीराम म्हणाला, ओवा खा. सात वाजता तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. गोटीराम टांगा आणायला पळाला. त्याला कळलं ना काय ते!

टांग्यात घालून आणली. नळी घातली. फुगा जोडला. बाजूच्या खोलीत खाट मिळाली, पाच नंबरची, पण काय फरक पडतो. ह्या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं काय करायचं. सर म्हणाले, तीन दिवस पिळा, बाई उठेल. सापाच्या विषावरची लस दिली, सलाईन लावलं. चार नातेवाईक आले होते, मीही म्हटलं मी बसतो. गोटीराम कोणाला हात लावू देईना. "माझी बायको आहे. मीच पिळणार." दातओठ खाऊन म्हणाला, म्हणून आम्ही बाजूला झालो. कशाची भीती वाटत होती त्याला, ते आम्हाला काय माहीत?

पहिली रात्र काढली. दुसरी काढली. फक्त मुतायला जाताना फुगा माझ्या हातात द्यायचा, आणि पळत परत यायचा. तिच्या कानाशी सारखा बोलायचा. "चंद्रे, मी आहे हं. मी सोडत नाही."

तिसरी रात्र. आम्हा सगळ्यांना त्याने व्हरांड्यात झोपायला धाडलं.

पाऊस नाही. वारा नाही. दोन वाजले तेवढं त्याला आठवतं.

मग डोळे उघडले... तर तो खाली फरशीवर. खिडकीत उजाडलेलं. साडेपाच.

साडेतीन तास.

त्याला उठवेना. उठून काय बघायचं? मेलीच ती. पडल्या पडल्या तो भिंतीकडे बघत राहिला.

आणि वर, खाटेवर...

फुस्स.

तो गुडघ्यावर आला. खोलीत कोणी नाही. दार आतून लोटलेलं. फुगा तिच्या उशीशी. चेपलेला. त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगत होता. चंद्रभागेची छाती खाली येत होती.

त्याने झडप घालून फुगा धरला. रबर गरम होतं. हातातून नुकतंच सुटल्यासारखं.

सहाला सिस्टर आली. "रात्रभर तूच?" "हो," म्हणाला. "मीच."

त्या दिवशी दुपारी चंद्रभागेच्या पायाचा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी बोटं. चौथ्या दिवशी नळी काढली. सगळा दवाखाना बघायला आला, सरांनी पेढे वाटले. गोटीराम लहान पोरासारखा रडत होता. ती मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. घसा सुजलेला, आवाज फुटत नव्हता. सहाव्या दिवशी संध्याकाळी फुटला.

"तो कोण होता वो?"

"कोण?"

"तुम्ही झोपल्यावर पिळत होता तो."

गोटीरामाने उठून दार लोटून घेतलं.

"माझे डोळे मिटलेले होते. पण ऐकू यायचं. तुमचं घोरणं ऐकू येत होतं खालून. तो पिळायचा... आणि मधीच थांबायचा. माझी छाती फुटायला यायची. मग कानाशी यायचा. थांबू का, म्हणायचा. नको असेल तर बोल, म्हणायचा." ती थांबली. दम खाल्ला. "मला बोलता येत नव्हतं वो. मी आतून वरडत होते, नको, नको... जीव जायला आला की पुन्हा पिळायचा. उजाडेपर्यंत. किती वेळा, मोजलं नाय मी."

"चंद्रे, औषधाची झोप होती ती. स्वप्न..."

"मी म्हटलं मनात, असं का करतो बाबा? तर म्हणाला, तुझ्या माणसानं मला एवढंच विचारलं होतं. मी रडलो तर माझा डोळा पुसला, आणि गेला."

बाहेर जेवणाची घंटा झाली.

"पुसला होता का डोळा?" तिने विचारलं.

गोटीरामाने मान खाली घातली.

"मग ठाऊक होतं तुम्हाला. तो जित्ता हाय ते."

त्यापुढे चंद्रभागा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. माहेरी गेली असती तर सुटला असता बिचारा. ती राहिली. दोन वेळा ताट वाढायची, कपडे धुवायची, आजारपणात काढे द्यायची. साडेसात वर्षं. तोंडातून चकार शब्द नाही. आणि रात्री जागी बसायची, त्याच्या उजव्या हाताकडे बघत. कारण दवाखान्यातून घरी आल्या रात्रीपासून गोटीराम झोपला की त्याचा हात सुरू व्हायचा. मूठ मिटायची, उघडायची. मिटायची, उघडायची. मिनिटाला पंधरा. त्याने मला सगळं सांगितलं ते शेवटच्या दिवाळीत, हातात हात देऊन. म्हणाला, "मला कळलं होतं रे तेव्हाच. थेंब बघितला तेव्हाच कळलं होतं. मनगटं दुखत होती, एवढंच." मी हात सोडवून घेतला. मैत्री होती आमची, पण सोडवून घेतला.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, अकरा तारखेला, रविवारी पहाटे तो गेला. छातीत कळ आली म्हणे. मी पोचलो तेव्हा डॉक्टर आलेला होता. नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, हलेनात. अंग गार.

हात चालू होता.

डॉक्टराने बराच वेळ मनगट धरून ठेवलं. म्हणाला, मेल्यावर कधी कधी स्नायू असे ओढतात, फार क्वचित. तासाभरात थांबेल. सर्टिफिकेट लिहिलं आणि गेला.

आम्ही तास थांबलो. दोन तास. उन्हं दारात आली. तिरडी बांधून झाली. कोणीच हात लावेना. शेवटी मीच म्हटलं, "वहिनी... हात हलतोय त्याचा."

चंद्रभागा उठली. त्याच्या उशाशी बसली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी वाकून बघितलं. मग पदर सावरला आणि साडेसात वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर बोलली.

"दिसतंय मला. उचला."

आम्ही उचलला. पुढून उजवीकडे माझा खांदा होता.

अमरधामात सरण रचलं. त्याला ठेवला, वर लाकडं ठेवली. उजव्या बाजूचं लाकूड हलत होतं. वर... खाली. वर... खाली.  मी एक जाड ओंडका उचलला, आणि त्यावर ठेवला.

तोही हलला.