बाहेरचं पिवळं कडं

माझ्या हातचं काम चुकत नाही, असं डॉ. इंदुमती साळोखे बिनदिक्कत म्हणायच्या, आणि कोल्हापूरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी त्यावर हसत नसे. या खेपेस त्यांनी सव्वीस वर्षांच्या सुनंदाच्या जठरपेशींतलं बिघडलेलं सांधजनुक दुरुस्त केलं होतं. हे जनुक सांधप्रथिन घडवतं आणि त्याच्या जोरावर पेशी एकमेकींना धरून राहतात. धर सुटली की त्या भरकटतात. सुनंदाच्या घरातले तिघं जठराच्या कर्करोगाने गेले होते. समिती उद्या येणार होती; चाचणी जमली तरच उपचाराला परवानगी.

चाचणी सोपी होती. दुरुस्त पेशी निळ्या, निरोगी पेशी पिवळ्या रंगवून एका बशीत ढवळायच्या. धर सारखी असली तर त्या मिसळून जातात. नसली तर घट्ट धरणाऱ्या मध्ये गोळा होतात आणि सैल धरणाऱ्या बाहेर पडतात. निरोगी पेशी बाईंच्या स्वतःच्या होत्या. रुग्णाआधी दुर्बिणीने आपल्याच पोटातल्या पेशी काढायच्या, हा इथल्या सगळ्यांना त्यांनीच घातलेला नियम.

पडद्यावर निळा गोळा दिसला आणि त्याभोवती पिवळं कडं. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"फसली रे दुरुस्ती, नसीर!"

नसीर मुल्ला त्यांचा वीस वर्षांपासूनचा तंत्रज्ञ. तो पडद्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, फसली असती तर निळं बाहेर पडलं असतं. हितं पिवळं बाहेर हाय."

बाईंनी बशीवरची नोंद पुन्हा वाचली: पिवळ्या पेशी त्यांच्याच. मग बाई म्हणाल्या, "तुझ्या पेशी लाव."

सकाळी नसीरच्या पेशींत निळ्या पेशी अशा मिसळल्या होत्या, की दोन रंग वेगळे काढता येईनात. दुरुस्ती बिनचूक होती. बिघाड बाईंच्या पोटात होता.

त्यांनी दोन्ही बश्या समितीपुढे ताठ मानेने मांडल्या. परवानगी मिळाली. अध्यक्षांनी विचारलं, "सुनंदानंतर दुसरी रुग्ण कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "माझ्या हातचं काम आहे, मला कसली भीती?"

घरी येताना त्यांनी तांबडा रस्सा बांधून आणला. वडील पोटाच्या कर्करोगानेच गेले होते. रस्सा ओरपून पोट जाळून घेतलंत, असं बाई त्यांना दवाखान्यात तोंडावर बोलल्या होत्या. त्यांनी वाटी फोटोपुढे ठेवली.

"बाबा, रश्शाचा काही दोष नव्हता. मी उगाच बोलले."